संक्रांतीला रिकामा राहिलेला बोरा

मी एक जुना बोरा आहे. तुमच्याकडे मला पोतं म्हणत असतील, आमच्या वऱ्हाडात बोराच म्हणतात. मित्रांनो, आधीच एक सांगून ठेवतो. मला कुत्री आवडत नाहीत. माझ्या गोष्टीत एक कुत्र्याचं पिल्लू येणार आहे, पण ते गोजिरवाणं होतं असं माझ्या तोंडून तुम्ही ऐकणार नाही.

माझा जन्म फार लांबचा. हुगळी नदीच्या काठी तागाच्या गिरणीत मला विणलं, आणि विणतानाच कडेला तीन निळ्या रेघा घातल्या. त्या रेघांचा मला काय तोरा! शंभर भावंडांच्या गठ्ठ्यात दाबला जाऊन मी आगगाडीने अकोल्याला आलो, तिथून अकोटच्या बाजारात. ते साल सत्तावन्न. कापसाच्या जिनातली सरकी माझ्या पोटात भरली, दाभणाने तोंड शिवलं, आणि एका हमालाने पाठीत लोखंडी आकडा रुतवून मला उचललं. दुखलं. पण तो हमाल म्हणाला, "हा बोरा पक्का हाय. फाटत नाई." कष्टाच्या माणसाने दिलेली शाबासकी ती. अजून अंगावर आहे, आकड्याच्या भोकासकट.

ती सरकी चंद्रभानने घेतली. मूर्तिजापूरच्या अलीकडे, छोट्या गाडीच्या रुळाला लागून त्याचं गाव. काळी जमीन, दोन बैल, कपिला नावाची गाय, आणि घरात आई पार्वताबाई व बायको मैनाबाई. कपिलेने सरकी खाल्ली आणि मी रिकामा झालो. तुम्हाला वाटेल, बोरा रिकामा झाला की संपला. नाही, मित्रांनो. बोऱ्याचं आयुष्य रिकामं झाल्यावर सुरू होतं. मी तूर वाहिली, ज्वारी वाहिली. एक कोपरा आत ढकलून खोळ केली की पावसात चंद्रभानच्या डोक्यावर मीच असे. उंदराने कुरतडलं तेव्हा मैनाबाईने टाका घातला. तीन वर्षांनी सूत विरलं, दाणे गळू लागले, तेव्हा पार्वताबाईने माझी चौपदरी घडी केली आणि ओसरीच्या पायरीवर मला टाकलं. पाय पुसायला.

लोक याला उतरती कळा म्हणतील. मला तसं वाटलं नाही. घरात शिरणारा प्रत्येक पाय आधी माझ्याकडे येई. शेणाचे पाय, चिखलाचे पाय, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, खुंटांनी ओरबाडलेले पाय. न बघता सांगत असे, हा चंद्रभान, ही मैनाबाई. मी त्या घराचा दारवान होतो.

आणि मग ते आलं.

साठची दिवाळी. मैनाबाई भाऊबीज करून माहेराहून, पातूरहून परत आली तेव्हा तिच्या पदराखाली काहीतरी वळवळत होतं. भुरकट, मोठ्या पोटाचं, डोळ्यांत चिपडं असलेलं पिल्लू. भावाने दिलेलं. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. त्यामुळे काय बोलावं हे पार्वताबाईला शोधावं लागलं नाही.

"चांगली ओवाळणी घातली वो तुया भावानं! लोकाइच्या सुना माहेराहून लेकरू घेऊन येतात, आमची कुत्रं घेऊन आली."

मैनाबाईने पिल्लू खाली ठेवलं. ते चार पावलं चाललं, मला हुंगलं, आणि माझ्या तीन निळ्या रेघांवर पाणी सोडून मोकळं झालं.

तेव्हापासून आमचं वैर.

चंद्रभान म्हणाला, "राहू दे. राखणीले होईन." नाव पडलं भुऱ्या. आणि भुऱ्याची शाळा सुरू झाली. ती शाळा कशी होती ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यातच आहे. त्याने ओसरी ओली केली की पार्वताबाई त्याची मानगूट धरायची, ओल्या जागेवर त्याचं नाक घासायची, आणि तुराटीचे, तुरीच्या वाळक्या काडीचे, दोन सपके द्यायची. मग गोठ्यातून तांब्याचा गडवा आणायची. त्यात कपिलेचं गोमूत्र असे. ते ती त्या जागेवर शिंपडायची, खांबापाशी शिंपडायची, पायरीवर आणि माझ्यावर शिंपडायची. विटाळ गेला, घर शुद्ध झालं. दुसऱ्या दिवशी भुऱ्या त्याच जागी, त्याच खांबापाशी पुन्हा बसायचा.

"मुद्दाम करते, मेला!" ती म्हणायची. "खुन्नस धरते माह्याशी."

आणि मला, मित्रांनो, प्रत्येक सपक्याला आनंद होई. खोटं कशाला बोलू? तुराटी वाजली की मी मनात म्हणे, आणखी एक.

पहाटे सासू-सून समोरासमोर जात्यावर बसत. एका खुंट्याला दोघींचे हात. दिवसभर न बोललेलं तिथे ओवीतून निघे. पार्वताबाई सुरू करायची:

शेजीच्या घरी बाई, हाले पाळण्याची दोरी
आमच्या ओसरीवर, कुत्र्याची शिरजोरी

जातं दोन फेरे नुसतंच घरघरे. मग मैनाबाईचा बारीक आवाज येई:

मुक्या जीवावर सासू, नका धरू राग
चार दिसांत शिकंल, अंगणाचा माग

"चार दिस?" पार्वताबाई ओवी सोडून सरळ बोलायची. "महिना झाला. तुले तरी पाच वर्सांत काय शिकवता आलं मले?"

पीठ पडत राही. त्या पिठाची भाकरी कडू कशी होत नसे, याचं मला नवल वाटे.

मग एके दिवशी भुऱ्याने हद्द केली. माजघरात वेचणीचा कापूस छातीइतका रचलेला होता, पांढरा शुभ्र. भुऱ्या त्याच्या पायथ्याशी बसला. ओंजळभर कापूस पिवळा झाला. त्या दिवशी चंद्रभानचाही राग मस्तकात गेला, आणि पार्वताबाई याच घडीची वाट पाहत होती.

"संक्रांतीले हळदीकुंकवाच्या बाया येतात घरी," ती म्हणाली. "त्या दिसापर्यंत सुधरला तं राहीन. नाई तं त्याच दिशी या बोऱ्यात घाल, तोंड बांध, अन् छोट्या गाडीनं कारंज्याच्या पल्याड सोडून ये. तिकडं मरे ना का."

"आत्याबाई, बोऱ्यात जीव घुसमटंल त्याचा," मैनाबाई सासूला म्हणाली.

"मंग सुधरव."

मैनाबाईने चंद्रभानकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता. "माय म्हणते तसं," एवढंच तो म्हणाला.

पाहिलंत? मलाच नेमलं. ज्याने माझ्या रेघा नासवल्या त्याला गिळायला मलाच नेमलं. त्या दिवसापासून मी पायरीवर पडून संक्रांतीचे दिवस मोजू लागलो. माझं पोट कित्येक महिने उपाशी होतं.

संक्रांतीला पंधरा दिवस असताना बैलाचा खांदा आला. जू घासून घासून जखम झाली. चंद्रभानने मूर्तिजापूरच्या ढोरांच्या दवाखान्यातून मोतीरामला बोलावलं. मोतीराम याच गावचा. दवाखान्यात मलमपट्टीच्या कामाला होता, खाकी कपडे घालायचा. छप्पन साली त्याच्या घराने नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. तेव्हापासून तो कुणाच्या दारात वाकून उभा राहत नसे, आणि कुणाकडे पाणीही मागत नसे. पिशवीतच बाटली असे.

बैलाची जखम धुऊन झाली तेव्हा मैनाबाई ओसरीवरून म्हणाली, "मोतीरामभाऊ, जरा याचं नाक पाहता का? खरड निघाली."

तो पायरीपाशी आला. माझ्यावर पाय पुसले, चांगले घासून. मित्रांनो, पायांच्या बाबतीत माझ्याइतकं जाणतं कुणी नाही. त्याच्या तळव्याला तीच काळी माती होती जी चंद्रभानच्या तळव्याला असे. तीच चिकट, तीच जड. मी चव घेऊन सांगतो.

तो ओसरीच्या कडेला बसला. भुऱ्याचं नाक बोटाने उचलून त्याला पिवळं मलम लावलं. "हे नाक कोणं घासलं?"

इतक्यात पार्वताबाई गोठ्यातून आली, हातात गडवा.

"ऊठ रे! तुले ओसरीवर कोणं बसवलं?"

मोतीराम उठला, पण लगबगीने नाही. आधी मलमाच्या डबीचं झाकण लावलं. "कामासाठी बसलो होतो, बाई. झालं काम."

तो अंगणात उतरला. त्याची पाठ वळायचीही तिने वाट पाहिली नाही. जिथे तो बसला होता तिथे शिंपडलं. पायरीवर शिंपडलं. माझ्यावर शिंपडलं. त्या थेंबांनी मी कितीदा भिजलो होतो, पण ते कुत्र्यामागे. आज माणसामागे भिजलो. चंद्रभान बैलाच्या दाव्याची गाठ उगाच सोडत-बांधत राहिला. मोतीरामच्या जबड्याचं हाड कातडीखाली हललं.

आणि तेव्हा भुऱ्या मैनाबाईच्या मांडीवरून उतरला. ओल्या जागेपाशी गेला. हुंगला. एक गिरकी घेतली, दुसरी घेतली, आणि जिथे गोमूत्र पडलं होतं बरोबर तिथेच बसून त्याने आपलं काम उरकलं.

मोतीराम पाहत होता. आधी त्याच्या कपाळाच्या आठ्या गेल्या. मग तो हसला, मोठ्याने.

"बाई, आता समजलं मले. तुमी जिथं जिथं शिंपडता, तिथं तिथं तो मुतते."

"काय बोलून राहिला?"

"गाईचं काय, कुत्र्याचं काय, त्याच्या नाकाले दोन्ही मूतच. त्याले वाटते, ही जागा माह्यासाठीच राखली. तुमीच जागा दाखवता, अन् तिथं बसला की तुमीच मारता. ते बिचारं काय करंन?"

"तू मले अक्कल शिकवून राहिला?"

"मी नाई, बाई. कुत्रं शिकवून राहिलं. मी तं त्याचं म्हणणं तुमाले सांगतलं."

मग तो मैनाबाईकडे वळला. "वहिनी, ओली जागा राख टाकून घासा, साध्या पाण्यानं धुवा, उन्हं लागू द्या. अन् हा बोरा," त्याने माझ्याकडे बोट केलं, "हा लय वासाचा झाला. हा नेऊन टाका त्या लिंबाखाली. भुऱ्या खाऊन उठला, झोपून उठला, का उचलून याच्यावर नेऊन ठेवा. तिथं केलं तं भाकरीचा तुकडा द्या, पाठ थोपटा. घरात केलं तं काईच बोलू नोका. मारलं का तो भेतो, अन् भेला का अजून मुतते."

"गोमूत्र नाई बंद होणार या घरात," पार्वताबाई म्हणाली. "त्याच्या सांगण्यावरून तं नाईच नाई. बोरा टाकायचा तिथं टाका. संक्रांतीले तोच लागन."

अशी माझी पायरी गेली. मैनाबाईने मला दोन कानांना धरून अंगणातून फरफटत नेलं आणि कडुनिंबाखाली पसरलं. धान्याचा बोरा, उंबऱ्याचा दारवान, आणि आता कुत्र्याचा संडास! माझ्या जागी दुसऱ्या दिवशी एक कोरा बोरा आला. त्यालाही निळ्या रेघा होत्या. मी तिकडे पाहणं सोडलं.

ते पंधरा दिवस सांगायला मला लाज वाटते. भुऱ्या उठला की मैनाबाई त्याला काखेत मारून धावत येई. तो मला हुंगे, फेरी घाले. "कर रे राजा, कर," ती म्हणे. कधी करी, कधी नुसता निंबोणीच्या काडीशी खेळे आणि घरात जाऊन करी. तिने हात उचलला नाही. पार्वताबाई शिंपडून गेली की सून राख घेऊन जाई, घासून धुवून येई. एक शिंपडे, दुसरी धुवे. आठव्या दिवशी भुऱ्या आपणहून चालत माझ्याकडे आला. काम झालं, आणि मागे वळून त्याने मैनाबाईकडे पाहिलं. ती धावत आली, आणि मातीत बसून त्याच्या तोंडाला तोंड लावून हसली. त्या घरात तिला हसताना मी पहिल्यांदा ऐकलं. संतापाने माझा ताठा आणखी वाढला. मी म्हटलं, हस. संक्रांत यायची आहे.

संक्रांत आली. ओसरी सारवली, सुगडं मांडली. पाच दिवसांत घरात भुऱ्याचा एक थेंब सांडला नव्हता, हे पार्वताबाईला ठाऊक होतं. बाया जमल्या. मैनाबाईने नवं लुगडं नेसलं होतं, हातात हळदीकुंकवाची कोयरी होती, पण नजर लिंबाकडे होती. लिंबाखाली चंद्रभान सुतळीचा तुकडा घेऊन उभा होता. आईने सांगितलं होतं म्हणून त्याने मला उचलून झटकलं, माझं तोंड दोन्ही हातांनी उघडलं. किती दिवसांनी कुणी माझं तोंड उघडलं! बूड जमिनीला टेकवून मी आ वासून पाहत राहिलो.

आणि सगळ्या बायांदेखत पार्वताबाईने गडवा उचलला.

"सणाचा दिस हाय, शुद्ध असलेलं बरं," ती म्हणाली, आणि खांबापाशी, भुऱ्याच्या जुन्या जागेवर, थेंब थेंब नाही, धारच धरली. भुऱ्या तिथेच, दोन हात अंतरावर झोपलेला.

मित्रांनो, तोंडाने ती मोतीरामला खोटा म्हणत आली होती. पण त्या दिवशी तिने गडवा उचलला तो त्याच्या शब्दावर विश्वास ठेवूनच.

भुऱ्या जागा झाला. आळस दिला. नाक हललं. तो खांबापाशी गेला आणि हुंगू लागला. एक गिरकी. मैनाबाईच्या हातातली कोयरी कलंडली, कुंकू सांडलं. दुसरी गिरकी. मी म्हटलं, बस. बस आता. चंद्रभानचे अंगठे माझ्या कडेत रुतले होते.

भुऱ्याने मान वर केली. मैनाबाईकडे पाहिलं, आणि बायांच्या लुगड्यांमधून वाट काढत, सुगडांना वळसा घालत, पायरी उतरून अंगणातून सुसाट धावत तो माझ्याकडे आला. माझ्या उघड्या तोंडासमोर थांबला. आत पाहिलं. मग बुडाशी, जिथे मी जमिनीवर दुमडलो होतो, तिथे बसला आणि मला चिंब केलं. चंद्रभानच्या धोतराचा सोगाही कोरडा राहिला नाही.

मग शेजारची माणिकबाई तोंडाला पदर लावत म्हणाली, "पार्वताबाई, आता तं कुत्र्यालेच इचारून शिंपडत जा वो!" आणि सगळी ओसरी खदखदली. चंद्रभानने माझं तोंड सोडलं. सुतळी बोटाला गुंडाळली, मग कमरेला खोचली, आणि भाकरीचा तुकडा आणायला स्वतः घरात गेला. मैनाबाई सांडलेलं कुंकू गोळा करत होती. रडत होती की हसत होती, लिंबाखालून दिसलं नाही.

पार्वताबाई गडवा घेऊन तशीच उभी होती.

तिचं मन पालटलं, असं मी म्हणणार नाही. तिने भुऱ्याला कधी हात लावला नाही, आणि जात्यावरच्या ओव्यांचा काटाही गेला नाही. पण चार दिवसांनी मोतीराम बैलाचा खांदा पाहायला आला, तेव्हा चंद्रभान म्हणाला, "वर बसा, मोतीरामभाऊ." मोतीरामने पार्वताबाईकडे पाहिलं. ती बस म्हणाली नाही, ऊठ म्हणाली नाही. तो ओसरीवर बसला, मधोमध, आणि आपल्या बाटलीतलं पाणी प्यायला. तो गेल्यावर चंद्रभान कोनाड्यातल्या गडव्याकडे पाहत राहिला.

"काय पाहून राहिला?" पार्वताबाई खेकसली. "नाई शिंपडत. कुत्रं पुन्हा बिघडंन."

त्या दिवशी आणि त्यानंतरही गडवा कोनाड्यातच राहिला. कारण विचारलं की ती कुत्र्याचं नाव सांगे.

मैनाबाईला पुढे मूल झालं की नाही, हे मी सांगणार नाही. लोक उगाच कुत्र्याशी ते जोडतात.

आता अडुसष्ट साल आहे. माझा अर्धा भाग मातीत गेला, उरलेल्यावर वाळवी आहे. तीन निळ्या रेघांपैकी एक दिसते, ती पण ऊन असलं तर. भुऱ्या म्हातारा झाला तरी रोज येतो. मित्रांनो, तुमच्या घरी पिल्लू आलं तर त्याचं नाक घासू नका. त्याला जागा दाखवा आणि थांबा. आणि पायरीवरच्या पायपुसण्याने माणसामाणसांत फरक केला नाही, तर तुम्हीही करू नका. ते पायांना तुमच्याहून जास्त ओळखतं.

मला कुत्री अजूनही आवडत नाहीत. पण जन्मभर मी पोट भरण्याची वाट पाहिली. सरकी, तूर, ज्वारी, जे मिळेल ते. फक्त त्या संक्रांतीला तोंड उघडं असून माझ्या पोटात काही आलं नाही, आणि त्या रिकाम्या पोटानेच आता मी सुखाने मातीत चाललो आहे.